इक्वलायझर लावला की जुना लॅपटॉप का धापा टाकतो, आणि त्याचं ओझं कसं उतरवायचं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जुळे सोलापुरातल्या एका श्रोत्याकडे दोन कोअर आणि चार थ्रेडचा (एकाच वेळी चार कामं चालवणारा) जुना आय-थ्री लॅपटॉप आहे, त्याला यूएसबी डॅक, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारा डबा, जोडलेला. संग्रहात २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला १,९२,००० नमुने, म्हणजे सॅम्पल, असलेल्या) फ्लॅक फाइली आणि काही डीएसडी-६४, म्हणजे एकेका बिटाने आवाज साठवणाऱ्या फाइली. प्लेअरमध्ये आधी सगळं ३८४ किलोहर्ट्झला चढवलं जातं, मग ३१ पट्ट्यांचा इक्वलायझर (एकेक पट्टी आवाजाचा एकेक भाग वर-खाली करते), मग खोलीचे दोष सुधारायला बनवलेला १,३१,०७२ टॅपचा करेक्शन फिल्टर (टॅप म्हणजे प्रत्येक सॅम्पलमागे करायचा एकेक गुणाकार). शेजारी स्पेक्ट्रमची नाचणारी खिडकीही उघडी. आवाज मधेच तुटतो, चटचट येते, पंखा किंचाळतो. पण टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर ३० टक्केच दाखवतो. दुकानदार म्हणतो आय-सेव्हन घ्या. घ्यायचा का?

नव्या लॅपटॉपचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. मी सोलापुरात हॉल, मंदिरं आणि घरांमधल्या ध्वनिव्यवस्थेचं काम करतो, आणि अशी साखळी घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं काम आहे त्याच यंत्रावर भागतं. फक्त कुठली आकडेमोड खरोखर कानापर्यंत पोचते आणि कुठली नुसती प्रोसेसर तापवते, हे ओळखावं लागतं.

पहिली गोष्ट त्या ३० टक्क्यांची. चार थ्रेडच्या यंत्रावर एक थ्रेड पूर्ण भरला तर टास्क मॅनेजरमध्ये तो २५ टक्केच दिसतो, कारण टक्केवारी चौघांची मिळून असते. ऑडिओची साखळी बहुतेक प्लेअरमध्ये एकाच थ्रेडवर चालते. म्हणजे तुमच्याकडे २५ टक्के संगीताचे आणि ५ टक्के बाकी विंडोजचे, असा हिशेब असणार. बाकी थ्रेड रिकामे असले तरी त्यांचा उपयोग नाही. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसरचे वेगवेगळे आलेख उघडा. मात्र विंडोज तोच थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर हलवत असतं, त्यामुळे चारही आलेख अर्धवट भरलेले दिसू शकतात. एकूण आकडा २५च्या आसपास चिकटून राहतोय का, ते पाहा. तोच खरा पुरावा.

शिवाय ऑडिओला सरासरी कळत नाही, मुदत कळते. ५१२ सॅम्पलचा बफर, म्हणजे आधी तयार करून ठेवलेला तुकडा, ४४.१ किलोहर्ट्झवर ११.६ मिलिसेकंद पुरतो. तोच १९२ वर २.७ मिलिसेकंदांत संपतो. तेवढ्या वेळात पुढचा तुकडा तयार झाला नाही की आवाज तुटला. त्यामुळे सॅम्पल रेट चौपट केला आणि बफर तेवढाच ठेवला, तर सेकंदाचं काम चौपट होतं आणि प्रत्येक तुकड्याची मुदत चौथाई उरते.

आता कशाला किती पडतं ते पाहू. साध्या इक्वलायझरच्या एका पट्टीला प्रत्येक सॅम्पलमागे ५ गुणाकार आणि ४ बेरजा लागतात. ३१ पट्ट्या, दोन चॅनेल, १९२ किलोहर्ट्झ धरले तर सेकंदाला साधारण १०.७ कोटी क्रिया होतात. आकडा मोठा वाटला तरी तुमच्या जुन्या आय-थ्रीचा एक कोअरही सेकंदाला अब्जावधी क्रिया करतो. म्हणजे नुसत्या पट्ट्यांनी लॅपटॉप बसत नाही. फ्लॅक उलगडायलाही फार लागत नाही, आणि २४/१९२ चा डेटा सेकंदाला सव्वा मेगाबाइटच्याही आत असतो. डिस्कवरही दोष ढकलता येणार नाही.

खरं ओझं टॅपवाल्या फिल्टरचं. १,३१,०७२ टॅप सरळ पद्धतीने चालवायचे म्हटले तर १९२ किलोहर्ट्झवर दोन चॅनेलना सेकंदाला ५ हजार कोटींहून जास्त गुणाकार लागतील. म्हणून हे काम एफएफटी या झटपट गणिती पद्धतीने, तुकड्यातुकड्यांनी केलं जातं, आणि तुकडा केवढा घ्यायचा यावर सगळं ठरतं. माझा ढोबळ हिशेब असा: ५१२ सॅम्पलचा तुकडा घेतला तर हेच काम सेकंदाला ८० कोटी क्रियांच्या घरात जातं, ८१९२ चा घेतला तर १० कोटींच्या आसपास. आठव्या हिश्श्यावर आलं, आणि आवाजात काडीचाही फरक नाही. बदल्यात ४३ मिलिसेकंदांचा उशीर होतो. गिटार वाजवणाऱ्याला तो खटकेल, पण खुर्चीत बसून भीमसेन जोशी ऐकणाऱ्याला प्ले दाबल्यावर आवाज ४३ मिलिसेकंद उशिरा आला याचं काय? कॅमिलाडीएसपी या फिल्टर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये ही सेटिंग ‘चंकसाइज’ नावाने आहे. बऱ्याच कन्व्हॉल्व्हर (टॅपवाला फिल्टर चालवणाऱ्या) प्लगइनमध्ये ‘ब्लॉक’, ‘पार्टिशन’ किंवा ‘लेटन्सी’ नावाखाली सापडते. लेटन्सी, म्हणजे हा उशीर, शून्य करायचा मोह टाळा. ती सोय स्टुडिओसाठी असते. सिनेमा पाहणार असाल तर ओठ आणि आवाज जुळतात का ते मात्र बघावं लागेल.

आता सॅम्पल रेट. ३८४ ला चढवणं सगळ्यात आधी बंद करा. ते साखळीच्या सुरुवातीला असल्यामुळे पुढचा प्रत्येक फिल्टर दुप्पट सॅम्पलवर चालतोय. बहुतेक डॅकच्या आत चढवण्याचं काम नाहीतरी होतंच. तुमच्या फाइलमधल्या माहितीत त्याने कणभर भर पडत नाही.

मग १९२ च्या फाइलचं काय? इक्वलायझरच्या आधी त्या ९६ वर आणा. हे ऐकून काहींचा जीव कासावीस होईल याची मला कल्पना आहे. महागाच्या फाइली घेऊन त्या अर्ध्यावर का आणायच्या? पण ९६ किलोहर्ट्झमध्ये ४८ किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी मावतात आणि माणसाचा कान २० च्या पुढे जात नाही. २४ बिटची खोली तशीच राहते. आणि ९६ च का, ४८ का नाही, यालाही कारण आहे. साध्या पट्टीच्या फिल्टरचा आकार सॅम्पल रेटच्या निम्म्याजवळ आला की आक्रसतो. ४४.१ वर १६ किलोहर्ट्झची पट्टी वर केली तर तिचा वरचा खांदा ठरवल्यापेक्षा अरुंद पडतो. ९६ वर तो जवळपास नीट बसतो. म्हणून ९६, आणि ४४.१ च्या घराण्यासाठी (४४.१ च्या पटीतल्या फाइलींसाठी) ८८.२, इथेच थांबावं असं माझं ठाम मत आहे.

घराण्याची गोष्ट महत्त्वाची आहे. १९२ चं ९६ म्हणजे सरळ अर्धं. १७६.४ चं ८८.२ म्हणजे पुन्हा अर्धं. पण १९२ चं ४४.१ करायला गेलात तर गुणोत्तर ६४० ला १४७ असं विचित्र येतं, आणि रेट बदलणाऱ्या रीसॅम्पलरला विनाकारण घाम फुटतो. दोन घराण्यांसाठी दोन फिल्टर फाइली ठेवा. सीडीच्या फाइली ४४.१ वरच वाजल्या तरी बिघडत नाही, त्यांना तिसरी फिल्टर फाइल द्या. रीसॅम्पलरची ‘अल्ट्रा’ वगैरे गुणवत्ता अशा सरळ अर्ध्याला लागत नाही, एक पायरी खालची पुरते.

डीएसडीचं प्रकरण वेगळं. डीएसडी-६४ मध्ये सेकंदाला २८,२२,४०० वेळा एकच बिट येतो. एका बिटाला १.२ ने गुणलं की तो एक बिट राहत नाही. म्हणून त्यावर इक्वलायझर लावायचा तर आधी पीसीएम (फ्लॅकमध्ये असतात तसे अनेक बिटांचे आकडे) करावंच लागतं, प्लेअर सांगो वा न सांगो. बरेच प्लेअर ते ३५२.८ किलोहर्ट्झवर करतात, आणि मग सगळे फिल्टर त्या वेगाने धावतात. सेटिंगमध्ये जाऊन ते ८८.२ करा. २०-२५ किलोहर्ट्झच्या वर डीएसडीत मुख्यतः वर ढकललेला गोंगाटच असतो, तो सुटला तर बरंच. आणि इक्वलायझर लावून पुन्हा डीएसडीत बदलायचा पर्याय चालू असेल तर तो आधी बंद करा. ते करणारा मॉड्युलेटर या साखळीतल्या बाकी सगळ्यांहून भुकेला असतो.

आता तुमच्या १,३१,०७२ टॅपकडे. फिल्टरचा बारकावा, म्हणजे तो किती जवळचे स्वर वेगळे हाताळतो ते, सॅम्पल रेट भागिले टॅप असा निघतो. १९२ वर तो साधारण दीड हर्ट्झ येतो. ९६ वर तेवढाच बारकावा ६५,५३६ टॅपमध्ये मिळतो, म्हणजे टॅपही अर्धे, सॅम्पलही अर्धे. पण मी विचारतो, दीड हर्ट्झचा बारकावा सोलापुरात टिकतो का?

दहा बाय बाराची आरसीसी खोली घ्या. बारा फुटांच्या बाजूची पहिली गुंज, म्हणजे तबल्याच्या डग्ग्यात किंवा बेस गिटारमध्ये जी एकच नोट उगाच फुगते ती, ध्वनीच्या वेगाला लांबीच्या दुपटीने भागून येते. जानेवारीतल्या रात्री खोलीत १८ अंश असतील तर ती ४६.८ हर्ट्झवर पडते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा खोलीत एसीशिवाय ३८ अंश धरले, तर हवेतला ध्वनी जास्त वेगाने जातो आणि तीच गुंज ४८.४ वर सरकते. दीड हर्ट्झहून जास्त! सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत थंडीत मोजून, दीड हर्ट्झच्या अचूकतेने कोरलेला खड्डा (गुंज दाबणारी कपात) मे महिन्यात गुंजेच्या शेजारी पडतो. म्हणजे इतकी आकडेमोड करून आपण चुकीच्या जागी नेम धरतोय. थोडा रुंद, थोडा उथळ फिल्टर दोन्ही ऋतूंत काम देतो.

म्हणून ९६ किलोहर्ट्झवर ३२,७६८ टॅपचा, साधारण ३ हर्ट्झ बारकाव्याचा फिल्टर पुरे. त्याहून सोपा आणि माझ्या आवडीचा मार्ग म्हणजे टॅपवाला फिल्टर सोडून ३०० हर्ट्झच्या खाली चार-सहा पॅरामेट्रिक पट्ट्या (ज्यांची जागा, रुंदी आणि उंची आपण ठरवतो) लावणं. खोलीच्या गुंजांचा स्वभाव अशा पट्ट्यांशी जुळतो, त्यामुळे पट्टी बरोबर बसली की गुंजेची शेपटीही आखूड होते. रूम ईक्यू विझार्ड हा मोजमापाचा मोफत प्रोग्राम अशा पट्ट्या स्वतः काढून देतो. त्याला फक्त उंचवटे कापायला सांगा. दोन लाटा एकमेकींना खाऊन जो खड्डा पडतो, तो कितीही ताकद लावली तरी भरत नाही. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर मात्र दमतात.

इथे एक बारीक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण जास्त सॅम्पल रेट म्हणजे नेहमी जास्त अचूकता हा समज ती खोडून काढते. ४७ हर्ट्झची पट्टी १९२ किलोहर्ट्झवर बसवायची तर फिल्टरच्या सूत्रातली कोसाइनची किंमत ०.९९९९९८८ येते. १ पासून इतकी जवळ, की ३२ बिटच्या फ्लोटिंग गणितात त्या फटीत जेमतेम वीसेक पायऱ्या मावतात. पट्टी नेमकी ४७ वर बसेल याची खात्रीच उरत नाही, शिवाय गोलाईच्या चुकांचा गोंगाट साठतो. ४८ किलोहर्ट्झवर हीच फट सोळापट रुंद होते. म्हणून बेसच्या पट्ट्या कमी रेटवर उलट जास्त चांगल्या चालतात. चांगले प्रोग्राम आत ६४ बिटचं गणित वापरतात, तिथे ही अडचण येत नाही. सेटिंगमध्ये पर्याय असेल तर ६४ बिट निवडा. इतक्या थोड्या पट्ट्यांना त्याचा भार जाणवत नाही.

बाकीची झाडलोट पटापट करून टाकू. ३१ पैकी ज्या पट्ट्या शून्य डेसिबलवर आहेत त्याही बऱ्याच प्रोग्राममध्ये हिशेबात धरल्या जातात, त्या काढून टाका. एकापाठोपाठ दोन-तीन टॅपवाले फिल्टर असतील, एक खोलीचा, एक आवडीच्या स्वराचा, तर ते आधीच एकत्र करून एकच फाइल बनवा. निकाल तोच येतो. प्लगइनमध्ये ‘ओव्हरसॅम्पलिंग’ (आतल्या आत रेट चढवणं) चालू असेल तर बंद करा, ९६ वर त्याची गरज नाही. ‘लिनिअर फेज’ ऐवजी ‘मिनिमम फेज’ निवडा, त्याचं ओझं कमी असतं. आणि ती स्पेक्ट्रमची खिडकी मिटा. जुन्या लॅपटॉपवर चित्र रंगवण्यात इक्वलायझरपेक्षा जास्त ताकद जाताना मी पाहिली आहे. गाणं संपून शांतता आली की चटचट वाढते, असं असेल तर कारण वेगळं: फिल्टरच्या आत उरलेले अतिसूक्ष्म आकडे काही प्रोसेसरला फार हळू चालवता येतात. नवे प्रोग्राम ते थेट शून्य करतात, तेव्हा जुनं प्लगइन बदलून पाहा.

विंडोजवर इक्वलायझर एपीओ वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. हा इक्वलायझर विंडोजच्या ध्वनियंत्रणेच्या आत बसतो आणि डॅकच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर जो रेट लावलाय त्याच रेटवर चालतो. तिथे १९२ लावून ठेवलं असेल तर यूट्यूबवरचं गाणंसुद्धा १९२ ला चढवून मग त्यावर फिल्टर चालतात. तिथे २४ बिट, ९६००० ठेवा. आणि प्लेअरमध्ये वासापीचा एक्सक्लुझिव्ह मोड किंवा एसिओ (विंडोजच्या ध्वनियंत्रणेला वळसा घालून थेट डॅककडे जाणारे मार्ग) निवडलं की एपीओ पूर्ण वगळला जातो. ओझं एकदम उतरल्याचा आनंद होण्याआधी इक्वलायझर चालू आहे ना, हे एखादी पट्टी भरपूर खाली ओढून तपासा.

एवढं करूनही दुपारी आवाज तुटतो आणि रात्री तुटत नाही, असं झालं तर गणित सोडा आणि लॅपटॉप उलटा करा. आपल्या गावात, विशेषतः यंत्रमागांच्या वस्तीत, हवेत सुताची लव उडत असते. ती पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखी बसते, हवा कोंडते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग उतरवतो. टास्क मॅनेजरमध्ये गिगाहर्ट्झचा आकडा दुपारी खाली घसरलेला दिसेल. मागचं झाकण उघडून लव काढून घ्या, जमत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून काढवून घ्या. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’ वर ठेवा. वापर कमी आणि वेगही ठीक असूनही चटचट असेल तर बहुतेक वेळा वाय-फायचा किंवा दुसरा कुठला ड्रायव्हर मधे अडतोय. वाय-फाय बंद करून ऐका. लेटन्सीमॉन नावाचा मोफत प्रोग्राम दोषी ड्रायव्हरचं नाव दाखवतो.

रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर हेच करणारे गावात वाढले आहेत आणि मला ते आवडतं. पाय-४ वर मूड ऑडिओ प्लेअर टाकला की कॅमिलाडीएसपी त्यातच मिळतं, वरचं सगळं काम ते आरामात पेलतं. मात्र ८० अंशांच्या पुढे पायही वेग उतरवतो, तेव्हा हीटसिंक आणि मोकळी हवा द्या. मोबाइलचा चार्जर आणि बारीक केबल लावू नका. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं तरीही वेग उतरतो, आणि लोक दोष इक्वलायझरला देतात.

ज्यांच्याकडे काहीच बदलायची सोय नाही त्यांनी गणित आधीच उरकून ठेवावं. सॉक्स किंवा एफएफएमपेग हे ध्वनिफाइलींवर प्रक्रिया करणारे प्रोग्राम वापरून आवडत्या अल्बमवर फिल्टर लावून ९६/२४ ची वेगळी प्रत करा, मूळ फाइल हात न लावता जपा. रात्रभर लॅपटॉप चालू द्या, त्याला घाई नाही. वाजवताना इक्वलायझरचं ओझं शून्य. स्पीकर किंवा घर बदललं की प्रती नव्याने कराव्या लागतात, एवढीच तोशीस.

खोलीचं थोडं काम भिंतींवरही सोपवता येतं. स्पीकरच्या बाजूच्या भिंतींपासून चार बोटं अंतर सोडून जाड सोलापुरी चादर दुहेरी करून टांगली की टाळीचा झणझणाट आणि ‘स’चा चरचरीतपणा कमी होतो, वरच्या दोन-तीन पट्ट्या काढून टाकता येतात. ४७ हर्ट्झच्या गुंजेवर मात्र तिचा काही परिणाम होणार नाही. त्या लाटेचा चौथा हिस्साच सहा फुटांचा असतो. तिथे पट्टीच हवी. आणि मोजमाप माग थांबल्यावर करा. मागांच्या धडधडीत खालचे उंचवटे फसवे येतात, मग फिल्टर खोलीचा न बनता मागांचा बनतो.

शेवटी गेन, म्हणजे आवाजाची पातळी. कुठलीही पट्टी वर उचलली असेल तर सर्वात जास्त उचललेल्या पट्टीएवढा प्रीअॅम्प (इक्वलायझरमधली एकूण पातळीची सेटिंग) खाली घ्या. पट्ट्या एकमेकींवर चढल्या असतील तर त्यांच्या बेरजेएवढा. ५ डेसिबल वर तर प्रीअॅम्प उणे ५. असं केलं की लिमिटर (पातळी मर्यादेबाहेर गेली की दाबणारा) साखळीतून काढता येतो, तेवढंच एक ओझं कमी. वर सांगितलेलं एकेक करत प्रत्येक पायरीला टास्क मॅनेजरचा एकूण आकडा लिहून ठेवा. ३८४ चं चढवणं बंद केल्यावर, ९६ वर आणल्यावर आणि तुकडा ८१९२ केल्यावर असे तीन आकडे मला कळवा. तिसऱ्या आकड्यानंतरही तो २५ ला चिकटलेला राहिला तर मात्र प्लेअर कुठला आणि प्लगइन कुठलं, ते नावासकट सांगा.